सोलापूरच्या अंगणातली फुलझाडं: खड्डा, लागवड आणि पाणी देण्याची रीत

सोलापुरात हौसेनं लावलेला बहावा, तामण किंवा चाफा दुसऱ्या उन्हाळ्यात वाळला की दोष उन्हावर जातो. खोदून पाहिलं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण सापडतं. एक तर रोज तांब्या-दोन तांबे पाणी घातल्यामुळं मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच राहिलेली असतात. एप्रिलमध्ये तोच थर तापतो आणि भेगाळतो, मग ती मुळं तुटतात, भाजतात. किंवा काळ्या मातीतला खड्डा खालून तुंबलेला असतो आणि मुळं कुजून काळी पडलेली असतात. दोन्ही चुका टाळता येतात, पण त्यासाठी कामं ठरलेल्या क्रमानंच करावी लागतात. पाण्याचा विचार रोप आणल्यावर नव्हे, खड्डा घेण्याआधी करायचा.

टप्पा १: माती ओळखा (फेब्रुवारी-मार्च)

इथल्या प्लॉटवर साधारण तीन प्रकार आढळतात: खोलवर काळी चिकण माती, फूट-दीड फूट काळी माती आणि खाली मुरूम, किंवा नुसता मुरूम. नव्या बांधकामाभोवती चौथा प्रकार असतो, तो म्हणजे सिमेंट, चुना आणि विटांच्या तुकड्यांची भर. ही भर रोपाच्या जागेपुरती पूर्ण उपसून बाहेर काढा. तिच्यावर चांगली माती पसरून काम भागत नाही.

चुनखडी तपासायला कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर चुना भरपूर आहे. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही आणि सोनचाफा हमखास पिवळा पडतो.

निचरा तपासायला एक फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा घ्या. त्यात धुण्या-विसळण्याचं, पण साबण नसलेलं पाणी भरा. साधारण २५ ते ३० लिटर लागतं. ते जिरलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. दुसऱ्या भरण्याची पातळीच खरी, कारण पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते.

*तपासणी:* दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांनंतरही निम्म्याहून जास्त उरलं असेल, तर त्या जागी सपाट जमिनीत झाड लावू नका. टप्पा ४ मधला उंचवटा करा.

टप्पा २: जागा आणि अंतर

दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. पारिजातक त्याहून कमी उन्हात जगतो, पण फुलं कमी देतो.

खुरचाफा आणि पारिजातक भिंतीपासून सहा फुटांवर चालतात. बहावा, कांचन, तामण, बकुळ यांना बारा फूट ठेवा. पाण्याचा हौद, शोषखड्डा आणि ड्रेनेजच्या पाइपापासून दहा फुटांच्या आत काहीच नको. गुलमोहर आणि बुचाचं झाड छोट्या प्लॉटवर लावूच नये. गुलमोहराची मुळं जमिनीलगत पसरून फरशी उचलतात, आणि दोन्हींच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडून पडतात.

*सावध:* काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. घराच्या पायालगत आळं करून नेमानं पाणी दिलं, तर पायाची एक बाजू फुगलेली आणि दुसरी आकसलेली राहते. भिंतीला तिरक्या भेगा पडायला एवढं पुरतं.

टप्पा ३: मातीप्रमाणे झाड निवडा

बहावा, कांचन आणि खुरचाफा ही सोलापूरच्या उन्हाला आणि कमी पाण्याला टिकणारी झाडं. पहिल्यांदा लावणाऱ्यानं यांच्यातलंच एक घ्यावं. बकुळ सावकाश वाढतो, पण एकदा बसला की हलत नाही. पारिजातकाला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. निचरा चांगला असेल तर दोन-तीन वर्षांत सडा पडू लागतो.

तामण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलं तरी मुळात पाणवठ्याकाठचं झाड आहे. उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर लावू नका. सोनचाफ्याला आम्लधर्मी माती, दमट हवा आणि आडोसा लागतो, म्हणजे सोलापूरच्या बरोबर उलट. हौस असेल तर कलमी सोनचाफा मोठ्या कुंडीत, पूर्वेच्या उन्हात आणि पश्चिमेच्या झळांपासून आडोशाला ठेवा. जमिनीत लावून दरवर्षी पिवळा पडताना पाहण्यापेक्षा ते बरं.

टप्पा ४: खड्डा (मार्च ते मे)

१. खड्डा माती कोरडी असतानाच घ्या. ओल्या काळ्या मातीत कुदळ चालवली की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि कोवळ्या मुळांना त्या भेदता येत नाहीत. तशा झाल्याच असतील तर पहारीनं चारी बाजूंना खरवडून खडबडीत करा.

२. काळ्या मातीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरे. कडक मुरमात तीन फूट घ्या. खोली वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवलेली चांगली.

३. वरच्या फूटभर मातीचा ढीग वेगळा ठेवा. खालची फिकट, चुनखडीची माती परत वापरायची नाही.

४. तळाला मुरूम असेल तर मधोमध पहार मारून तो फोडा. काळ्या मातीतला खड्डा भुसभुशीत भरला की आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच उतरतं, त्याला खाली वाट हवी.

५. खड्डा तीन-चार आठवडे उन्हात तापू द्या.

भरण्यासाठी काळ्या मातीच्या जागी तीन भाग वरची माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. मुरमाड जागी दोन भाग काळी किंवा पोयट्याची माती, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग शेणखत. दोन फुटी खड्ड्याला साधारण चार घमेली शेणखत लागतं. त्यात एक किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा.

*सावध:* काळ्या मातीत घमेलंभर वाळू टाकून निचरा सुधारत नाही. चिकण माती वाळूच्या कणांभोवती घट्ट बसते आणि वाळल्यावर आणखी कडक होते. निचरा सुधारायचा तर शेणखत आणि उंचवटा, हे दोनच उपाय.

निचरा नापास झालेल्या जागी खड्डा फूटभरच खोल घ्या आणि भर जमिनीच्या वर सहा ते नऊ इंच चढवा. उंचवट्याचा घेर किमान चार फूट ठेवा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून जातो. सपाट खड्डाही लागवडीच्या दहा-बारा दिवस आधी भरून, एकदा पाणी देऊन बसू द्या. ताजी भर नंतर खचते आणि रोप खोलात जातं.

टप्पा ५: रोप आणि लागवड

नर्सरीत उंच रोपाकडे हात जातो. तो आवरा. अडीच-तीन फूट उंचीचं, पेन्सिलीपेक्षा जाड खोडाचं, काठीच्या आधाराशिवाय उभं राहणारं रोप घ्या. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर ते नको. बहाव्याचं सोटमूळ हललेलं आवडत नाही, म्हणून त्याचं शक्यतो छोटंच रोप निवडा. आणल्यावर आठ-दहा दिवस अंगणात अर्ध्या उन्हात ठेवून मगच लावा.

केव्हा लावायचं? काळ्या भारी जमिनीत मृग-आर्द्रात (जून ते जुलैच्या सुरुवातीला), चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी. सोलापुरात मोठा पाऊस बहुधा उत्तरा-हस्ताला (सप्टेंबरच्या मध्यापासून) येतो आणि तेव्हा खड्ड्यात पाणी साचतं. त्याआधी मुळं बसलेली हवीत. मुरमाड जागी सप्टेंबरची लागवडही चांगली लागते.

१. लावण्याच्या दोन-तीन तास आधी पिशवीला पाणी द्या. संध्याकाळची वेळ घ्या.

२. पिशवीचा तळ कापा, मुळांसकट मातीचा गड्डा खड्ड्यात ठेवा, मग बाजू चिरून पिशवी काढा. खोड धरून ओढू नका.

३. मुळं गोल फिरलेली असतील तर गड्ड्यावर तीन-चार ठिकाणी उभे, अर्धा इंच खोल काप द्या. फिरलेली मुळं तशीच राहिली तर काही वर्षांनी स्वतःच्याच बुंध्याला आवळतात.

४. खोड आणि मूळ मिळतात ती जागा जमिनीपेक्षा दोन इंच वर राहिली पाहिजे.

५. माती हातानं दाबा, टाचेनं नको. लगेच दहा लिटर पाणी सावकाश सोडा.

६. काठी पश्चिमेकडून, गड्ड्याच्या बाहेर रोवा. जुन्या टॉवेलच्या पट्टीनं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. सुतळी सालीत रुतते.

इथं एक चूक फार घडते आणि ती लक्षातही येत नाही. बाहेरून, विशेषतः आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येणारी रोपं लाल मातीत किंवा कोकोपीटमध्ये असतात. तो हलका गड्डा काळ्या मातीत बसवला की भोवतालची माती ओली असूनही गड्डा आतून कोरडा पडतो, कारण चिकण मातीतलं पाणी सहजी त्याच्याकडे सरकत नाही. वरून ओल दिसते, रोप मात्र सुकतं. उपाय असा: गड्ड्याच्या कडा बोटांनी थोड्या मोकळ्या करा, आणि पहिला महिनाभर पाऊस नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन लिटर पाणी थेट बुंध्याजवळ, गड्ड्यावरच द्या. रोज थोडं पाणी न देण्याच्या नियमाला एवढाच अपवाद.

खुरचाफा फांदीवरून लावायचा असेल तर फेब्रुवारी ते मे हा काळ घ्या. दीड फुटाची फांदी तोडून चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग मुरमाड मिश्रणात चार इंच रोवा. एकदाच पाणी द्या आणि पानं फुटेपर्यंत थांबा. मधल्या काळात दिलेल्या पाण्यानं फांदी बुडातून मऊ पडून कुजते.

टप्पा ६: आळं

पहिले सहा-आठ आठवडे बुंध्याभोवती दोन फूट व्यासाचं साधं आळं पुरे. नंतर बुंध्याभोवती सहा इंच रुंदीची मातीची चढ द्या, म्हणजे खोड कोरडं राहील आणि पाणी बाहेरच्या बांगडीत उभं राहील. दुसऱ्या वर्षी आळं तीन फूट, तिसऱ्या वर्षी चार फूट करा. पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या कडेखाली असतात, बुंध्याशी नव्हे. दहा वर्षांच्या झाडालाही बुंध्याशीच पाइप सोडून ठेवणं म्हणजे पाणी वाया घालवून खोड कुजवणं.

टप्पा ७: पाणी किती, केव्हा

माप लिटरपेक्षा बोटांनी लक्षात राहतं. प्रत्येक पाळीला आळ्यात चार बोटं उंचीचं, म्हणजे साधारण सात सेंटिमीटर पाणी जिरलं पाहिजे. दोन फुटी आळ्याला ते २० लिटर होतं, तीन फुटीला ४५ आणि चार फुटीला ८० लिटर. पाइपानं देत असाल तर २० लिटरची बादली किती मिनिटांत भरते ते एकदा घड्याळ लावून पाहा. दोन मिनिटांत भरत असेल तर चार फुटी आळ्याला आठ मिनिटं लागतील. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा इतका उपयोगी आहे.

पाणी दोन हप्त्यांत द्या. आधी दोन बोटं, ते जिरल्यावर अर्ध्या तासानं उरलेली दोन. काळी माती सुरुवातीला पाणी घेत नाही आणि वरून वाहून जातं.

भेगा पडलेल्या मातीत याहून मोठी गडबड होते. पाइप सोडला की पाणी भेगेतून थेट दोन-तीन फूट खाली उतरतं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. आळं भरत नाही म्हणून माणूस पाइप सोडून ठेवतो. त्याऐवजी आधी खुरप्यानं वरचा इंच-दीड इंच थर मोकळा करा, ती भुसभुशीत माती आणि थोडं शेणखत भेगांत भरा, हलकं पाणी शिंपडा. भेगांचं तोंड बुजल्यावरच आळं भरा.

*तपासणी, पाणी देण्याआधी:* चार-सहा इंच खोलीवरची मूठभर माती घेऊन लाडू वळा. लाडू चिकट, चकचकीत झाला आणि हाताला माती लागली, तर पाणी नको. लाडू वळतो, पण अंगठ्यानं दाबल्यावर फुटतो, म्हणजे वाफसा आहे. दोन दिवस थांबा. लाडू वळतच नसेल तर पाणी द्या.

*तपासणी, दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी:* आठ मिलिमीटरची लोखंडी सळई आळ्यात हातानं दाबा. ओल्या मातीत ती सरळ जाते आणि कोरड्या थरावर अडते. लहान झाडाला फूटभर, तीन वर्षांपुढच्या झाडाला दीड फुटाच्या आसपास गेली तर पाणी पुरलं. चार-पाच इंचांवरच अडली तर पुढच्या वेळी पाणी वाढवा, पाळ्या वाढवू नका.

पाळ्यांचा अंदाज: मार्च ते मे काळ्या मातीत पाच ते सात दिवसांनी, मुरमाड जागी तीन-चार दिवसांनी. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांची उघडीप पडली तरच. ऑक्टोबरच्या उन्हात आठ-दहा दिवसांनी, आणि थंडीत काळ्या मातीत पंधरा दिवसांनी. हा अंदाजच आहे. लाडूची तपासणी वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

झाडागणिक फरक करावा लागतो. खुरचाफ्याची पानं गळाली की नवी पालवी दिसेपर्यंत पाणी बंद. तीन-चार वर्षांपुढच्या बहाव्याला संक्रांतीनंतर, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपल्यापासून मार्चअखेरपर्यंत ताण द्या. या काळात भरपूर पाणी मिळालं तर पालवी वाढते आणि घोस कमी येतात. तामणाला मात्र असा ताण देऊ नका. फेब्रुवारीपासूनच त्याच्या पाळ्या नियमित करा.

*सावध:* भर दुपारी मान टाकलेलं रोप तहानलेलं असेलच असं नाही. ४२-४३ अंशांत मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाहा. तेव्हा ताठ असेल तर काही करायचं नाही. माती ओली असूनही सकाळी मरगळ असेल, खालची पानं पिवळी पडत असतील आणि उकरलेल्या मातीला कुजका वास येत असेल, तर पाणी जास्त झालंय. आळं फोडून टाका आणि माती वाळू द्या.

पाण्याचा दर्जाही पाहा. बोअरचं क्षारयुक्त पाणी सतत दिलं की आळ्यावर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. शक्य तेव्हा एक पाळी नळाच्या पाण्याची द्या, आणि पावसाळ्यात आळं उघडं ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या. कूलरच्या टाकीत शेवटी उरलेलं पाणी झाडाला घालण्याची सवय घराघरांत आहे. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, त्यामुळं ते पाणी बोअरपेक्षाही खारं झालेलं असतं. आरओचं बाहेर पडणारं पाणीही तसंच. दोन्ही फरशी धुवायला वापरा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते गार होईपर्यंत बादलीत सोडा.

गावाला जाणार असाल तर आठ-दहा लिटरचं, रंग न दिलेलं, साधं भाजलेल्या मातीचं मडकं बुंध्यापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा. लहान रोपाला ते पुरतं. जड पाण्यानं वर्षभरात मडक्याची छिद्रं बुजतात, मग मडकं बदला.

टप्पा ८: आच्छादन आणि सावली

उसाचं पाचट, तुरीचा भुसा किंवा वाळका पाला तीन-चार इंच जाड पसरा, बुंध्यापासून चार बोटं मोकळी सोडून. आच्छादनानं पाण्याच्या पाळ्या लांबतात आणि भेगा जवळजवळ पडत नाहीत. वाळवीकडे मात्र लक्ष हवं: पंधरवड्यातून एकदा पाचट उचलून पाहा, खोडावर मातीच्या नळ्या दिसल्या तर खरवडून काढा. पावसाळ्यात काळ्या मातीवरचं आच्छादन पातळ करा.

पहिल्या उन्हाळ्यात रोपाच्या पश्चिमेला पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी किंवा तुराट्यांची ताटी उभी करा. वरून झाकायची गरज नाही.

टप्पा ९: खत, छाटणी आणि फुलं न येण्याची कारणं

दर जूनला दहा किलो शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड आळ्यात मिसळा. युरिया टाळा, त्यानं नुसता पाला येतो.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए स्वरूपातलं लोह घ्या. स्वस्त मिळणारं ईडीटीए स्वरूपातलं चुनखडीच्या मातीत फारसं लागू पडत नाही.

बहाव्याची पानं पावसाळ्यात हिरव्या अळ्या खातात. त्या पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. मोठ्या झाडाला पुन्हा पालवी येते, फवारणी करू नका. खुरचाफ्याच्या पानांमागं नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. गळालेली पानं गोळा करून जाळू नका, कचऱ्यात टाका, आणि पाणी पानांवर उडवू नका.

छाटणी फुलं संपल्यावर. तामणाची वाळकी बोंडं आणि पारिजातकाच्या लांबलेल्या फांद्या जानेवारी-फेब्रुवारीत कापा, कारण दोघांनाही नव्या फुटीवर फूल येतं. रक्तकांचन मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. त्याला हिवाळ्यात कात्री लावली तर त्या वर्षीचा बहर गेला. त्याची छाटणी एप्रिलनंतर करा.

झाड निरोगी असून फुलत नसेल तर या क्रमानं पाहा. वय: बियांपासूनच्या बहाव्याला पाच-सात वर्षं लागतात, कांचनाला तीन-चार. मग ऊन: शेजारी नवा मजला चढला असेल तर सकाळ-दुपार मिळून सहा तास उरले का ते मोजा. त्यानंतर फुलण्याआधीच्या दोन महिन्यांतलं पाणी, मग छाटणीचा महिना, आणि सर्वांत शेवटी खत.